एक नंबरची अंघोळ

आमच्या वन्संइतकी दुसऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारी बाई उभ्या मावळात झाली नसेल. पोट म्हणजे भुकेचं पोट नव्हे. जेवलात का, हे विचारणारी माणसं गावात ढिगानं असतात. वन्संना त्याच्या पुढची काळजी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यातली निम्मी वर्षं वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. रोज सकाळी सातला ड्यूटीवर आल्या की पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत एकच प्रश्न विचारत जायच्या, "झाली का?" इतकी वर्षं रोज विचारून विचारून त्या प्रश्नाचा त्यांच्या तोंडी नमस्कारच होऊन गेला होता. माझ्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे आले, तेव्हा चहाचा कप हातात देताना वन्संनी मुलाच्या वडिलांना विचारलं, की प्रवासाची दगदग झाली असेल, पण सकाळी पोट नीट साफ झालं होतं ना. बैठकीत अशी शांतता पसरली की बाहेर गोठ्यातली गाय रवंथ करतेय ते ऐकू यावं. ते गृहस्थ आधी लाल झाले. मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, की खरं सांगायचं तर तीन दिवस त्रासच आहे. वन्संनी त्यांना आत नेलं, पाव तास चौकशी केली, गरम पाण्यातून काय घ्यायचं ते कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला, आवाज एकदम मोकळा, आणि मुलगी पसंत असल्याचं त्यांनी त्याच फोनवर सांगून टाकलं. लोकांच्यात पत्रिका जुळवतात. आमच्यात तो प्रकार नाही, पण आमची सोयरीक कशावर जुळली ते मला पक्कं ठाऊक आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं नऊ वर्षांच्या होत्या आणि आमचे हे दोन वर्षांचे. तेव्हापासून भावाला न्हाऊ-माखू घालणं, पाटीवर अक्षरं गिरवून घेणं, गोवर आला तर रात्रंदिवस कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालणं, सगळं त्यांनीच केलं. पुढं नर्सिंगला गेल्या. स्थळं येत होती, पण भावाची शाळा संपायची होती. मग त्याचं कॉलेज, मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न; तोवर स्थळं यायची थांबली. हे त्या कधी तक्रारीनं सांगत नाहीत. एसटी चुकली हे सांगावं, तसं सांगतात. उंच, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी मोजायला सोपं पडावं म्हणून. मी शाळामास्तरीण म्हणून मला कधी नावानं हाक मारली नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून 'मास्तरीण'च म्हणतात.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे बेडशाला येणार हे ठरलेलंच होतं. आम्ही मागची खोली रंगवून ठेवली. वन्सं एक ट्रंक घेऊन आल्या आणि अकरा दिवस राहिल्या. रोज सकाळी सात वाजता घरातून एक फेरी मारायच्या. सगळे ठणठणीत. कुणाला ताप नाही, खोकला नाही, सगळ्यांची पोटं घड्याळासारखी. मग पायरीवर बसून समोरच्या डोंगराकडे बघत राहायच्या, हात मांडीवर पालथे ठेवून. त्या हातांना काम नाही हे त्यांनाही दिसायचं आणि आम्हालाही. बाराव्या दिवशी त्यांनी लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिकडची हवा चांगली आहे म्हणाल्या. लोणावळ्याच्या हवेत बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, पण आम्ही कुणी वाद घातला नाही.

त्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मुंबईची एक मुलगी राहत होती. कंप्युटरवरचं काम घरून करायची, त्यामुळे महिनोन् महिने इथंच. एका सकाळी वन्सं अंगणात चादर वाळत घालत असताना ती फाटकाशी उभी राहून फोनवर कुणाला तरी रडवेल्या आवाजात सांगत होती, की पस्तीस दिवस झाले, अजून झालेली नाही. वन्संच्या हातातली चादर हातातच राहिली. चौतीस वर्षांच्या नोकरीत पस्तीस दिवसांची केस त्यांनी पाहिली नव्हती. त्या सरळ तिच्याजवळ गेल्या आणि चौकशी सुरू केली. वय काय? तीन वर्षं. उलटी? नाही. पोट फुगलंय? थोडं. शेवटचं काय खाल्लं? मुलगी म्हणाली, उंदीर. इथं दुसरी कुठलीही बाई चार पावलं मागं सरली असती. वन्संनी विचारलं, "किती मोठा?"

पेशंट अजगर होता. परदेशी जातीचा, मनगटाएवढा जाड, चारेक फूट लांब, अंगावर गुळाचा पाक सांडल्यासारखे डाग. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होऊन बसायचा. त्याच्या शेजारच्या पेटीत दुसरा एक बारीक साप होता, भाजलेल्या कणसाला तिखट-मीठ चोळावं तसा केशरी. आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, पण या दोघांची सरकारकडे रीतसर नोंद होती, आणि वन्संनी पहिल्या दिवशीच त्या कागदाची झेरॉक्स काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारामागे टांगली. पेशंटची कागदपत्रं दर्शनी जागी असावीत हा त्यांचा नियम. मुलीनं दोघांना टॉफी आणि पीच अशी नावं दिली होती. वन्संना ते पसंत पडलं नाही. पेशंटला नावानं हाक मारायला लागलं की जीव गुंततो आणि मग सुई टोचताना हात कापतो, म्हणून वॉर्डात जसे खाटेला तसे त्यांनी यांनाही नंबर दिले. अजगर एक नंबर, केशरी तो दोन नंबर.

त्या दिवशी एक नंबरची पहिली अंघोळ झाली. ती पद्धत मी पुढं इतक्या वेळा पाहिली की झोपेतही सांगू शकेन. पसरट टब घ्यायचा. पाणी पेशंटच्या निम्म्या अंगापर्यंत, त्याच्यावर नाही, म्हणजे त्याला पोहण्याचे कष्ट पडू नयेत. पाणी किती गरम, तर तान्ह्या बाळाला घालतो तसं, आधी कोपर बुडवून बघायचं आणि मग थर्मामीटर. वन्संचं कोपर आणि थर्मामीटर यांत कधी फरक पडलेला मला आठवत नाही. साबण लावायचा नाही. टबावर भोकं पाडलेलं झाकण. वीस मिनिटं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बघत बसायचं नाही. ती मुलगी टबाजवळ डोळे लावून बसली होती, तिला वन्संनी विचारलं, की तुझ्याकडं कुणी असं टक लावून बघितलं तर तुला होईल का? मग दोघी टबाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. अठराव्या मिनिटाला वन्संनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "खिडकी उघड." पस्तीस दिवसांचा हिशेब एकदम चुकता झाला होता. त्या मुलीनं वन्संना मिठी मारली आणि त्यांना 'सिस्टर आजी' म्हणायला लागली ती कायमची.

तिथून वन्संना पुन्हा ड्यूटी लागली. सकाळी सातला पांढरी साडी नेसून त्या वरच्या मजल्यावर जायच्या. एक फुलस्केप वही केली होती, लाल शाईनं रकाने आखून: तारीख, खाणं, अंघोळीच्या पाण्याचं तापमान, मिनिटं, झाली की नाही, आणि शेरा. शेऱ्यात बहुतेक 'समाधानकारक' असायचं, एकदा 'उत्तम' होतं आणि एकदा नुसतं 'अखेर'. सापाची जी होते तिच्याबरोबर एक पांढरा, कोरडा गोळा येतो, थेट खडूसारखा. तो कसा असावा आणि कसा नसावा हे वन्संनी मला सुट्टीत तिकडे गेले असताना समोर दाखवून समजावलं. शाळा उघडल्यावर दोन दिवस मी फळ्यावर काही लिहिलं नाही. पेटीत खाली वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं. वन्संचं ठाम मत होतं की दोन नंबर शेतीविषयक पुरवणीवर कधी जात नाही, त्याला अग्रलेखाचं पानच लागतं. मी हसले, तर त्यांनी वही काढून तीन महिन्यांच्या नोंदी दाखवल्या.

आणि काही चांगलं झालं की मला फोन. आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. पोरं हाताची घडी घालून बसलेली, साहेब हजेरीपट बघतायत, आणि टेबलावरचा माझा फोन वाजला. गडबडीत बंद करायला गेले ते स्पीकर सुरू झाला, आणि वन्संचा वॉर्डातला खणखणीत आवाज वर्गभर घुमला, "मास्तरीण, एक नंबरला दोन नंबर झाली." आमच्या शाळेत एक बोट म्हणजे काय आणि दोन बोटं म्हणजे काय हे पहिलीच्या पोरालाही ठाऊक. वर्गात हशा फुटला. साहेबांनी पेन थांबवून शांतपणे विचारलं, की कितवीचा विद्यार्थी आहे. मी म्हटलं, बाहेरगावचा आहे. त्यांनी मान डोलावली आणि शेऱ्यात लिहिलं, की शिक्षिका विद्यार्थ्यांच्या आरोग्याबाबत जागरूक आहेत.

आमचे हे मात्र बहिणीच्या घरी जायला कचरू लागले. एकदा उन्हाळ्यात गेले होते, सरबतात घालायला बर्फ म्हणून फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, तर एका डब्यावर चिकटपट्टी लावून वन्संच्या अक्षरात लिहिलेलं, 'आपलं नाही'. मुलीच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून पेशंटचं खाणं इथं ठेवलेलं. माणसाला असं काही लिहिलेलं दिसलं की तो हमखास उघडून बघतो, तसं यांनी बघितलं. गोठलेले उंदीर ओळीनं निजलेले. हे तसेच चालत स्टेशनवर गेले आणि घरी येऊन मला एवढंच म्हणाले, की अक्काला सांग, मी तिच्याकडं यीन, पण भायेर पायरीवर बसंन. आणि पंचमीला शेजारपाजारच्या बाया दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन बंगल्याच्या जिन्याशी जमल्या, तर वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. सापाला दूध पचत नाही, तुम्ही पाजून घरी जाल आणि जुलाब मला काढावे लागतील, म्हणाल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींना राग आला. त्या म्हणाल्या, "तुमच्यात तर पंचमी न्हाई करत, मग तुमी सापाला का न्हाऊ घालता?" वन्संनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, की मावशी, आमच्या तथागतांवर एका नागानं पावसात सात दिवस फणा धरला होता, आपण निदान कोमट पाणी तरी द्यावं. मावशींना ते पटलं. दुधाचा चहा झाला आणि सगळ्यांनी जिन्यात बसून प्यायला.

मी हे सगळं हसत सांगते खरी, पण ती दोन-तीन वर्षं आठवली की माझ्या जिवाला एक हुरहुर लागते. सकाळी सव्वासातला फोन वाजायचा. दोन वाक्यं सापांची, मग तू कशी आहेस, गुडघा कसा आहे, आणि शेवटी अर्थातच तो प्रश्न. माझ्या आईनंसुद्धा मला इतक्या नेमानं काही विचारलेलं नाही.

एका जुलैत वरची मुलगी ऑफिसच्या कामासाठी मुंबईला गेली आणि इकडे पावसानं धरलं. मुंबईकडच्या घाटात दरड आली, रस्ता बंद, गाड्या बंद. तुंगार्लीची वीज गेली ती गेलीच. या परदेशी सापांना ऊब लागते. पेटीखाली विजेचं गादीसारखं काहीतरी असतं, ते थंड पडलं. त्यात एक नंबरनं दोनच दिवसांपूर्वी खाल्लेलं. वन्संचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू येईना. त्या म्हणाल्या, की ऊब मिळाली न्हाई तर खाल्लेलं पोटात सडतं गं, आणि मग पेशंट जातो. गरम पाण्याच्या पिशव्या माझ्याकडे दोनच आहेत, तू येशील का? वन्संनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं ते पहिलंच.

मी गावातून घरोघर फिरून पाच पिशव्या गोळा केल्या. कशाला हव्यात ते सांगितलं नाही, अक्का आजारी आहेत म्हटलं. यांनी शेजाऱ्याची जीप मागून आणली. लोणावळ्यात शिरलो तर पुण्याहून भुशी धरणाकडे निघालेल्या सहलकऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता गच्च, खिडकीतून हात बाहेर काढून पोरं नाचतायत, आणि आम्ही पिशव्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन दीड तास जागच्या जागी. शेवटी मी उतरून चालत गेले. हे मागून जीप घेऊन आले आणि पायरीवर बसले. मग थोड्या वेळानं उठून आत आले.

दोन दिवस आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत होतो. गॅसवर सतत पाणी, पिशव्या भरायच्या, टॉवेलात गुंडाळायच्या, वन्संनी वरून आणून ठेवलेल्या सापांच्या पेट्यांत ठेवायच्या, थंड झाल्या की बदलायच्या. पिशव्या बदलत असेपर्यंत दोन नंबर उशीच्या अभ्र्यात घालून माझ्या मांडीवर. मी सापाला आधी कधी हात लावला नव्हता. अभ्र्यातून तो हळूहळू कूस बदलायचा, ते मला आत कुठंतरी ओळखीचं वाटलं. पोटात पोर फिरतं तसं. आमचे हे पाणी उकळायच्या कामावर. वन्सं एक नंबरजवळ पाट टाकून बसलेल्या, दर अर्ध्या तासानं वहीत तापमान लिहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा निवळला. पेट्यांतली ऊब आता टिकत होती. हे बाजारात दुधाला गेले होते. वन्संच्या अंगावर दोन दिवसांची साडी, केस सुटलेले, पाण्याच्या वाफेनं चेहरा सुजल्यासारखा. मी म्हटलं, आता हे भांडंभर पाणी तापलंय, ते तुम्ही घ्या, अंघोळ करून घ्या. त्या म्हणाल्या, राहू दे, पेशंटला लागेल. मी ऐकलं नाही. बादली मोरीत नेली. त्या उठल्या, पण हात वर जाईनात. दोन दिवस वाकून बसून खांदे आखडले होते. दारातच थांबून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तरीण, आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणी पाणी घातलं न्हाई."

त्या तेव्हा पासष्टीच्या होत्या. म्हणजे छप्पन्न वर्षं. या बाईनं भावाला घातलं, माझी दोन्ही बाळंतपणं केली तेव्हा मला आणि माझ्या पोरांना घातलं, वॉर्डात किती जणांना पुसून काढलं असेल त्याची मोजदाद नाही, आणि शेवटी सापांनाही घातलं. मी पदर खोचला, त्यांना पाटावर बसवलं आणि कोपर पाण्यात बुडवून बघितलं. पाणी जरा कढत होतं. गार पाण्याचं विसावण घातलं. मग तांब्यानं हळूहळू डोक्यावर ओतत राहिले. मानेवर, पाठीवर, सगळीकडे हाडं हाताला लागत होती. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांना धरून, नऊ वर्षांच्या मुलीसारख्या. पाणी संपलं तरी त्या उठल्या नाहीत, तेव्हा मी रिकामा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेर यांच्या चपलांचा आवाज आला, तेव्हा त्या एकदम भानावर आल्या आणि टॉवेल मागितला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, की कोपरानं अंदाज घ्यायला अजून शिकायला हवंस.

संध्याकाळी वीज आली. चौथ्या दिवशी घाट उघडला आणि मुलगी धावत आली. आम्ही बेडशाला परतलो, पण जीव तिकडेच. खाल्लेलं पचलं की नाही हे कळायला अजून अवकाश होता. नवव्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि फोन यांनी उचलला. ज्या माणसानं तोवर साप हा शब्द घरात उच्चारला नव्हता, तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन गंभीरपणे म्हणाला, "झाली म्हनं." आणि मग चुलीपाशी बसून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतरच्या माघात मुलीच्या ऑफिसनं तिला बंगळुरूला बोलावलं. तिथं तिनं घर घेतलं होतं आणि सापांसाठी आपोआप ऊब धरणाऱ्या पेट्याही. जायच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते, वन्संच्या सोबतीला. मला वाटलं होतं, बाई कोसळेल. पण त्या पांढरी साडी नेसून, घड्याळ लावून, कागद हातात घेऊन उभ्या होत्या. डिस्चार्जचा कागदच तो: प्रवासाआधी तीन दिवस खाणं नको, पोचल्यावर दोन दिवस हात लावू नये, पाणी कोमट, झाकणाला भोकं, बघत बसू नये. मुलगी वन्संच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. तिला न्यायला आलेला तिचा नवरा पेट्या गाडीत ठेवत होता. तो भला मुलगा, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, की सापांना माणसांची ओळख राहत नाही, त्यामुळे त्यांना काही त्रास होणार नाही. मुलीनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "चांगलं आहे." एवढंच. गाडी वळणावरून गेली. वन्सं वर गेल्या, रिकाम्या जागेचा केर काढला, फिनेलनं पुसून घेतलं आणि खिडक्या उघड्या टाकल्या, वॉर्डातली खाट रिकामी झाली की करायच्या तसं.

फोन थांबले. म्हणजे येत असत, पण सव्वासातला नाही, आणि दोन वाक्यांत संपायचे. पंधरा दिवस मी वाट पाहिली आणि मग जाऊन त्यांना आठवडाभरासाठी बेडशाला घेऊन आले. बंगळुरूहून मुलीचा निरोप आला होता, की दोघं मजेत आहेत, सगळं वेळच्या वेळी होतंय, अंघोळीची गरजही पडत नाही. वन्संनी तो मला दोनदा वाचून दाखवला. आनंदानंच वाचला. पण वाचून झाल्यावर फोन बराच वेळ हातात धरून बसल्या.

त्या आठवड्यात आम्ही दोघी कामशेतच्या बाजाराला गेलो होतो. कोथिंबिरीच्या जुड्या बघत असताना समोरून एक माणूस येताना दिसला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात पिशवी. त्यानं वन्संना पाहिलं, क्षणभर थबकला, आणि मान फिरवून रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेला. वन्संच्याही ते लक्षात आलं. मला भयंकर राग आला. मी विचारलं, कोण हो हा, ओळखीचा दिसतोय आणि तोंड फिरवून जातोय. वन्सं म्हणाल्या, की झाडावरून पडला होता. चाळीस दिवस माझ्या वॉर्डात होता, पाठीवर उताणा. सगळं जागेवर करावं लागायचं. लहान पोरासारखा रडायचा अंघोळ घालताना, लाजेनं.

"मग तर त्यानं पायावर डोकं ठेवायला पाहिजे तुमच्या," मी म्हटलं.

"तसं नसतं गं," वन्सं म्हणाल्या. "जे बरे होतात ते टाळतातच. मी त्याला जसा बघितलाय, तसा त्याला पुन्हा आठवायचा नसतो. बाजारात, रस्त्यात, सगळीकडं अशीच माणसं भेटतात मला. मी पण हाक मारत न्हाई."

भाजीवाली विचारत होती की जुडी द्यायची की नाही. वन्सं तिच्याकडे बघत नव्हत्या. गर्दीतून ती पांढरी टोपी बाजारपेठेच्या टोकाकडे चालली होती, आणि त्या टाचा किंचित उंचावून तिच्यावर नजर ठेवून होत्या.

"पाठ बघ त्याची," त्या हळूच म्हणाल्या. "कसा ताठ चाललाय."